रताळ्याचा वेल आणि बटाट्याचे बेणे

वाचकहो, या सदरात आपण बहुधा शिजलेल्या अन्नाविषयी बोलतो. आज स्वयंपाकघराच्या थोडे मागे, शेताच्या बांधापर्यंत जाऊ. निमित्त आहे उपवासाच्या ताटात शेजारी शेजारी बसणाऱ्या दोन कंदांचे. दात गेलेल्या आजोबांना मऊ आणि परिचित चवीचे काही द्यायचे झाले, की घरातल्यांचा हात प्रथम बटाट्याकडे किंवा रताळ्याकडेच वळतो.

या दोघांचे नाते मात्र ताटापुरतेच आहे. बटाटा हा वांगे, टोमॅटो आणि मिरची यांचा सगोत्र, तर रताळे हे ओढ्याकाठी माजणाऱ्या बेशरमाच्या कुळातले. गंमत अशी की ‘बटाटा’ हा शब्द पोर्तुगिजांकरवी आपल्याकडे आला, आणि मुळात कॅरिबियन बेटांवरील रहिवाशांच्या भाषेत ते रताळ्याचे नाव होते. म्हणजे आपण आजही बटाट्याला रताळ्याच्या नावाने हाक मारतो.

एका बाबतीत मात्र दोघांचे प्राक्तन सारखे आहे. शेतकरी त्यांना बियांपासून वाढवत नाही. बटाट्याचा कंदच बेणे म्हणून जमिनीत जातो, आणि रताळ्याच्या वेलीचे तुकडे लावले जातात. गहू-ज्वारीच्या बियांमध्ये मातृवृक्षाच्या अंगातले बहुतेक विषाणू उतरत नाहीत. कंद आणि वेल यांना ते संरक्षण नाही. आईला जडलेला विषाणू लेकरात जसाच्या तसा येतो, आणि दर हंगामागणिक रोगी झाडांचा वाटा वाढत जातो. शेतकरी खत वाढवतो, पाणी वाढवतो, तरीही कंद लहान होत जातात. दोष जमिनीचा नसतो, बेण्याचा असतो.

बटाट्याचा हा प्रश्न आपल्या देशात कसा सुटला, ती कथा सांगण्यासारखी आहे. केंद्रीय बटाटा संशोधन संस्था १९४९ साली पाटण्यास स्थापन झाली आणि १९५६ मध्ये सिमल्यास हलली. निरोगी बेणे थंड डोंगरी प्रदेशातच तयार होऊ शकते, असा त्या काळचा समज होता. कारण विषाणूंचा प्रसार करणारा मावा मैदानात भरपूर. पण मावा बाराही महिने सारखा नसतो. ऑक्टोबरपासून डिसेंबरच्या अखेरीपर्यंत उत्तरेच्या मैदानांत त्याची संख्या अत्यल्प असते. संशोधकांनी हा अवकाश हेरला. ऑक्टोबरमध्ये लागवड करायची, रोगट झाडे उपटून टाकायची आणि मावा वाढू लागण्यापूर्वीच, डिसेंबरअखेर ते जानेवारीच्या मध्यापर्यंत, हिरवा पाला कापून टाकायचा. पालाच नाही, तर माव्याला बसायला जागा नाही. कंद मग दोन-तीन आठवडे जमिनीतच ठेवून, त्यांची साल पक्की झाल्यावर काढायचे. डॉ. पुष्करनाथ यांच्या नावाशी जोडलेली ही पद्धत १९५९ पासूनची. कोणतेही महागडे यंत्र तिला लागत नाही. लागते ते पंचांगासारखे काटेकोर वेळापत्रक. देशातील बहुतांश बटाट्याचे बेणे आज मैदानांत तयार होते, ते या पद्धतीमुळे. आंबेगाव तालुक्यातील सातगाव पठारावर पावसाळ्यात बटाटा लावणारा शेतकरी मंचरच्या बाजारातून पंजाबचे बेणे आणतो, त्यामागे हीच व्यवस्था उभी आहे.

बेण्याचा भारही लक्षात घ्या. हेक्टरभर गव्हाला सुमारे १०० ते १२५ किलो बियाणे पुरते; बटाट्याला २५ ते ३० क्विंटल बेणे लागते. ते रोगट निघाले, तर शेतकऱ्याचा सर्वांत मोठा खर्च पहिल्याच दिवशी मातीत जातो.

रताळ्याच्या वाट्याला असे भाग्य फारसे आले नाही. गरिबाचे पीक म्हणून ते मागे राहिले. त्याचे मोल जगाने ओळखले, ते आफ्रिकेतील बालकांच्या डोळ्यांमुळे. अ जीवनसत्त्वाच्या अभावाने तेथील कित्येक लहान मुलांची दृष्टी जाते, संसर्गाशी लढण्याची शक्ती खालावते. तेथील लोक रताळे तर रोज खात होते, पण पांढऱ्या गराचे. आणि शरीरात ज्याचे अ जीवनसत्त्व बनते ते बीटा-कॅरोटीन असते नारिंगी गरात. उपाय सोपा दिसतो, नाही का? नारिंगी रताळे लावा, झाले. प्रत्यक्षात बाहेरून आणलेली नारिंगी वाणे पाणचट निघाली. मोठ्यांना लागे ते कोरडे, पिठूळ रताळे. शिवाय अवर्षणात वेली वाळून जात आणि विषाणू पीक खाऊन टाकत. मोझांबिकमध्ये डॉ. मारिया अँद्राद आणि युगांडात डॉ. रॉबर्ट म्वांगा यांनी स्थानिक वाणांशी संकर करून नारिंगी, पिठूळ आणि तग धरणारी वाणे घडवली, डॉ. जॅन लो यांनी ती खाल्ल्याने मुलांच्या रक्तातील अ जीवनसत्त्व खरोखर वाढते, हे अभ्यासाने दाखवले. या तिघांना, हॉवर्थ बुइस यांच्यासह, २०१६ चे जागतिक अन्न पारितोषिक मिळाले. अशा वाणाचे सुमारे १२५ ग्रॅमचे एक रताळे लहान मुलाची दिवसाची गरज भागवू शकते.

तरीही वाण तयार होणे ही निम्मीच वाट. वेल हे नाशवंत बेणे. चार दिवसांत सुकते, दुकानात पुडीत बांधून विकता येत नाही. पाऊस सुरू झाल्यावर वेल शोधत फिरणाऱ्या शेतकऱ्याचा हंगाम निघून जातो. यावर आफ्रिकेत रुजलेला उपाय आपल्या आज्यांना सहज पटेल. सुगीनंतर लहान, निकोप रताळी कोरड्या वाळूत थर लावून घरातच ठेवायची, पावसापूर्वी सहा ते आठ आठवडे ती वाफ्यात लावून पाणी द्यायचे, आणि पहिल्या सरीला ताज्या वेली हाताशी असतात. नव्या वाणाच्या घोषणेला वर्तमानपत्रांत मथळा मिळतो. वाळूतल्या रताळ्यांना तो मिळत नाही, आणि मला तो अन्याय वाटतो.

आपल्याकडेही तिरुवनंतपुरमच्या केंद्रीय कंदपीक संशोधन संस्थेने ‘भू सोना’ हे नारिंगी आणि ‘भू कृष्णा’ हे जांभळ्या गराचे वाण दिले आहे. भू सोनाच्या १०० ग्रॅममध्ये सुमारे १४ मिलिग्रॅम बीटा-कॅरोटीन असते. प्रचलित वाणांत ते २-३ मिलिग्रॅम. एकादशीला आपल्या मंडईत येणारे रताळे मात्र बहुधा लाल सालीचे आणि पांढऱ्या गराचे असते. सालीच्या रंगावरून गर ओळखता येत नाही. विक्रेत्याला एखादे कापून दाखवायला सांगण्यात संकोच नको. ग्राहक विचारू लागला, की ती विचारणा हळूहळू बांधापर्यंत पोहोचते.

आता घरातील ज्येष्ठांविषयी. मोतीबिंदू किंवा वार्धक्यातील अन्य नेत्रविकार नारिंगी रताळ्याने बरे होत नाहीत; ते उत्तम अन्न आहे, औषध नव्हे. बीटा-कॅरोटीन शरीरात मुरण्यासाठी थोडी स्निग्धता लागते, म्हणून उकडलेल्या रताळ्यावर चमचाभर तूप योग्यच. रोज भरपूर खाल्ल्यास तळहात पिवळसर दिसू शकतात. डोळ्यांचा पांढरा भाग मात्र पांढराच राहत असेल, तर ती कावीळ नव्हे. डोळेही पिवळे दिसल्यास वैद्यांना दाखवावे. पिठूळ रताळे कोरडे असते आणि घशात अडकते, म्हणून गिळण्याचा त्रास असलेल्यांना ते दुधात कुस्करून द्यावे. मधुमेहींनी ते भात-भाकरीच्या जागी घ्यावे, त्यांच्या जोडीला नव्हे. मूत्रपिंडाच्या रुग्णांना दोन्ही कंदांतील पोटॅशियम जड जाते. तुकडे भरपूर पाण्यात उकडून पाणी टाकल्यास ते काहीसे कमी होते, पण प्रमाण वैद्यांनाच ठरवू द्यावे.

निवडतानाही दोन गोष्टी पाहाव्यात. हिरवट झालेल्या बटाट्यात सोलॅनिनसारखी विषद्रव्ये वाढतात आणि ती शिजवल्याने जात नाहीत. अमेरिकेत १९६७ साली वेफर्ससाठी गाजत आलेले ‘लेनापे’ नावाचे वाण याच द्रव्यांच्या आधिक्यामुळे १९७० मध्ये मागे घ्यावे लागले होते. तेव्हापासून नवे वाण पारखताना ही तपासणी कसोशीने होते. घरची तपासणी आपली: बटाटे अंधारात, हवेशीर जागी ठेवावेत. सोंड्या भुंग्याने पोखरलेले रताळे कडू लागते. त्याचा किडका भाग कापून उरलेला वापरण्याची काटकसर करू नये, कारण कडवटपणा आत पसरलेला असतो.

आणि अंगणात किंवा गच्चीवर खोल कुंडी असेल, तर चांगल्या गराचे एक लहान रताळे उन्हाळ्यात ओलसर मातीत लावून पाहा. महिना-दीड महिन्यात वेल वाढेल. त्याचे वीतभर लांबीचे, तीन-चार डोळ्यांचे तुकडे पावसाच्या प्रारंभी लावावेत. पाणी घालण्याचे काम आजोबांकडे सोपवायला हरकत नाही. पाने पिवळी पडू लागली, की साधारण चार महिन्यांनी माती हाताने हळुवार उकरावी.