प्रगतिपुस्तक आणि केस पेपर

प्रौढ माणसाला एडीएचडी आहे की नाही, हे ठरवायला ना रक्त तपासावे लागते ना मेंदूचा स्कॅन काढावा लागतो. त्यासाठी लागतात जाणत्या तपासनिसाचे दीड-दोन तास, रुग्णाच्या लहानपणाचा भरवशाचा पुरावा, आणि तशाच तक्रारी निर्माण करणारी दुसरी कारणे बाजूला सारण्याची सोय. अमेरिकन मनोविकार संघटनेच्या २०१३ च्या निकषांत अवधानाच्या उणिवेची ९ आणि अतिचंचलता-उतावळेपणाची ९ अशी १८ लक्षणे आहेत. वयाची १७ वर्षे पूर्ण झालेल्या व्यक्तीत एका गटातली निदान ५ असावी लागतात. त्यांतली काही १२ व्या वर्षाआधी दिसलेली, घर आणि काम अशा किमान दोन ठिकाणी आढळणारी आणि रोजच्या जगण्यात खरोखर खोडा घालणारी असावी लागतात. ही तपासणी सरकारी रुग्णालयात मागणे म्हणजे चैन, असे मानणारा एक मोठा पक्ष आहे आणि त्याचे आक्षेप अगदीच पोकळ नाहीत.

त्यातला सर्वांत लोकप्रिय आक्षेप असा, की हे मोबाइलच्या पिढीचे खूळ आहे. अलेक्झांडर क्रायटन या स्कॉटिश वैद्याने लक्ष न टिकण्याच्या विकाराचे वर्णन १७९८ मध्ये केले. जॉर्ज स्टिल यांनी लंडनमधल्या व्याख्यानांत अशी मुले १९०२ मध्ये डॉक्टरांपुढे मांडली. तेव्हा मोबाइल सोडाच, घरोघरी वीजही नव्हती. मराठीलाही हा स्वभाव अनोळखी नाही. धांदरट, वेंधळा, आरंभशूर हे शब्द कुणा मानसोपचारतज्ज्ञाने घडवलेले नाहीत. फरक इतकाच, की हे शब्द निरीक्षण करता करता निकालही देऊन टाकतात.

या आक्षेपाचा दुसरा भाग मात्र गंभीर आहे. दोन मिनिटांचे रील पाहून स्वतःला लेबल लावणारे पुष्कळ असतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या १८ प्रश्नांच्या प्रश्नावलीतले पहिले ६ प्रश्न ही नुसती चाळणी परीक्षा आहे, पण ती निदान म्हणून मिरवली जाते. न्यूझीलंडमधल्या ड्युनेडिन शहरात १९७२-७३ साली जन्मलेल्या मुलांचा मागोवा त्यांच्या ३८ व्या वर्षापर्यंत घेतला गेला. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात प्रौढपणी लक्षणे दाखवणाऱ्या बहुतेकांत बालपणी हा विकार नोंदलाच गेलेला नव्हता. म्हणजे प्रौढाच्या प्रत्येक विसराळूपणाला एडीएचडी म्हणता येत नाही. झोपेत श्वास अडकणे, थायरॉइडचे दुखणे, रक्तक्षय, चिंताविकार, नैराश्य, दारू यांपैकी कशानेही लक्ष उडते. पण या पुराव्यावरून तपासणी नाकारावी असे निघत नाही, उलट ती नीट व्हावी असे निघते. ज्याला लेबलांच्या सुळसुळाटाची भीती वाटते, त्याने तर सरकारी दवाखान्यातल्या सावकाश तपासणीचा आग्रह सर्वांत आधी धरायला हवा.

‘वयात आल्यावर हे जाते’ हा समज तुलनेने दुबळा आहे. पळापळ ओसरते. अर्धवट राहिलेले अर्ज, चुकलेल्या तारखा, दंडासकट भरलेली वीजबिले आणि धरसोडीच्या नोकऱ्या मागे उरतात. वेगवेगळ्या देशांतल्या पाहण्या एकत्र केल्या तर प्रौढांतले प्रमाण सुमारे अडीच टक्के येते. मुलींच्या बाबतीत तर विकार ओसरण्याचा प्रश्न पुढचा, तो आधी दिसतच नाही. वर्गात गप्प बसून खिडकीबाहेर बघणाऱ्या मुलीची तक्रार कोणी करत नाही.

तिसरा आक्षेप अग्रक्रमाचा. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य पाहणीत १० टक्क्यांहून अधिक प्रौढांना कोणता ना कोणता मनोविकार आढळला, आणि बहुतेकांपर्यंत उपचार पोचलेलेच नव्हते. अशा वेळी स्किझोफ्रेनियाच्या रुग्णाला बाजूला ठेवून आरंभशूरांची दखल का घ्यावी? प्रश्न रास्त, पण तो चुकीच्या गृहीतावर उभा आहे. एडीएचडीची माणसे ओपीडीबाहेर नवी रांग लावून उभी नाहीत. चिंता, नैराश्य, तंबाखू-दारूचे व्यसन अशा नावांनी त्यांतली बरीच जण आत आधीच बसलेली असतात, आणि मूळ दुखणे न सापडल्याने पुन्हा पुन्हा येतात. स्वीडनमधल्या २५,६५६ रुग्णांच्या नोंदींवर आधारलेल्या २०१२ च्या अभ्यासात औषध चालू असतानाच्या काळात पुरुषांच्या हातून होणारे गुन्हे ३२ टक्क्यांनी आणि स्त्रियांच्या हातून होणारे ४१ टक्क्यांनी कमी आढळले. ज्याच्या उपचाराचा परिणाम पोलीस ठाण्यापर्यंत पोचतो, त्या दुखण्याला चैनीचे म्हणणे कठीण आहे.

शिवाय कायदा आहे. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ चे कलम १८ प्रत्येक व्यक्तीला सरकारी खर्चाने चालणाऱ्या मानसिक आरोग्य सेवेचा हक्क देते. कलम ३ नुसार आजार ठरवायचा तो मान्य वैद्यकीय निकषांवर, आणि त्यांत जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणाची ताजी आवृत्ती येते. त्या आवृत्तीत एडीएचडी आहे आणि तो बालकांपुरता ठेवलेला नाही.

आता मंडन. या तपासणीला खरे तर सरकारी रुग्णालयच अधिक सोयीचे आहे. ‘हो’ म्हटल्याने त्याचा गल्ला भरत नाही आणि ‘नाही’ म्हटल्याने गिऱ्हाईक तुटत नाही. थायरॉइड आणि हिमोग्लोबिन पाहायला दुसऱ्या गावाला जावे लागत नाही. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी व उपचार मोफत आहेत. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम १९९६ पासून आहे आणि त्याच्या पथकात मानसोपचारतज्ज्ञाबरोबर क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आणि समाजसेवक यांच्या जागा धरलेल्या आहेत. त्या भरणे हे सरकारचे काम. जागाही जिल्हा रुग्णालयाचीच हवी. येरवडा, ठाणे, नागपूर, रत्नागिरी येथील मनोरुग्णालयांची नावे मराठीत इतकी वर्षे शिवीसारखी वापरली गेली आहेत, की वेंधळेपणाची तक्रार घेऊन तिकडे पाऊल वळत नाही.

दीड तास आणायचा कुठून, ही अडचण खरी आहे. तो एका बैठकीत मिळणार नाही, पण तीन भेटींत वाटता येतो. पहिल्या भेटीत प्रश्नावली आणि रक्ताची चिठ्ठी. दुसऱ्या भेटीत समाजसेवकाने आई किंवा थोरल्या भावंडाशी बोलावे. छत्री, डबा, कंपासपेटी शाळेतून परत यायची का, हे त्या माउलीला तिच्या बोलीत विचारले तर ती जे सांगेल ते कोणत्याही इंग्रजी फॉर्मपेक्षा मोलाचे असते. जुने प्रगतिपुस्तक सापडले तर उत्तमच. ‘हुशार आहे, पण लक्ष देत नाही’ हा इयत्ता तिसरीचा शेरा बाराव्या वर्षाआधीचा लेखी पुरावा ठरतो. तिसऱ्या भेटीत डॉक्टरांची मुलाखत आणि निर्णय.

यात एक विसंगती आहे. सकाळी वेळेत केस पेपर काढणे, तो सांभाळणे, पुढची तारीख लक्षात ठेवणे, रांगेत दोन तास शांत बसणे यांपैकी जे जमत नाही, तेच तपासून घ्यायला माणूस आलेला असतो. नेत्रविभागाचा तक्ता वाचता आला तरच आत घ्यावे, तसा हा प्रकार. तारखेची आठवण देणारा फोन आणि केस पेपरची रुग्णालयात राहणारी प्रत, एवढ्याने हे बरेच सुसह्य होईल.

स्वतंत्र विशेष केंद्रे काढण्याचा मोह मात्र टाळावा. इंग्लंडमध्ये २००८ च्या मार्गदर्शिकेने प्रौढांतला एडीएचडी मान्य केला, पण निदानाचे काम प्रामुख्याने विशेष केंद्रांकडेच राहिले. प्रतीक्षा वर्षांवर गेली आणि २०२४ मध्ये एनएचएसला, म्हणजे तिथल्या सरकारी आरोग्यसेवेला, या प्रश्नासाठी स्वतंत्र कार्यगट नेमावा लागला. नेहमीच्या मानसोपचार ओपीडीत बसणाऱ्या डॉक्टरला हे निदान करता आले पाहिजे. न उलगडणारी प्रकरणे तेवढी वैद्यकीय महाविद्यालयाकडे जावीत.

औषधाच्या गैरवापराची भीती उरते. तिची तरतूद कायद्यात आधीच आहे. एडीएचडीवर दिले जाणारे मिथिलफेनिडेट हे औषध शेड्यूल एक्समध्ये आहे, त्यासाठी दुकानाला वेगळा परवाना लागतो, चिठ्ठी दोन प्रतींत लिहावी लागते आणि एक प्रत दुकानदाराला दोन वर्षे जपावी लागते. या कटकटीमुळे अनेक दुकाने ते ठेवतच नाहीत. निदान जिल्हा रुग्णालयात झाले तर औषधही तिथल्याच खिडकीवर मिळायला हवे.