काचबिंदूची गोळी आणि हट्टी जिवाणू

काचबिंदूमुळे डोळ्यातील दाब वाढलेल्या वडीलधाऱ्यांना डॉक्टर कधी कधी अ‍ॅसिटाझोलामाइड नावाची गोळी देतात. लेह-लडाखसारख्या उंच प्रदेशात निघालेल्या प्रवाशांनाही हीच गोळी सुचविली जाते. १९५० च्या दशकापासून वापरात असलेल्या या औषधाचा प्रतिजैविकांना न जुमानणाऱ्या जिवाणूंवर उपयोग होईल काय, याचा शोध आता संशोधक घेत आहेत.

आपल्या रक्तपेशींत, मूत्रपिंडात व डोळ्यात कार्बोनिक अ‍ॅनहायड्रेज नावाचे विकर असते. कार्बन डायऑक्साइड आणि पाणी यांपासून बायकार्बोनेट तयार करण्याचे काम ते विलक्षण वेगाने करते. केंब्रिज येथे १९३३ मध्ये त्याचा शोध लागला. १९४० मध्ये तेथीलच मान आणि केलिन यांनी दाखवून दिले की, जंतुसंसर्गावर दिले जाणारे सल्फानिलामाइड हे औषध या विकराला रोखते. त्याच धाग्यावरून पुढे अ‍ॅसिटाझोलामाइड घडले. म्हणजे या गोळीचे कूळ मुळात जंतुनाशक औषधांचेच आहे.

अनेक जिवाणूंनाही जगण्यासाठी व वाढण्यासाठी असेच विकर लागते; मात्र त्याची घडण मानवी विकराहून भिन्न असते. हा भेद हेरूनच जिवाणूवर नेमका घाव घालता येईल, अशी संशोधकांना आशा आहे. एन्टेरोकोकस हा जिवाणू एरवी आतड्यात निमूटपणे राहतो; परंतु रुग्णालयातील अशक्त रुग्णाच्या रक्तात किंवा मूत्रमार्गात शिरला, तर जीवावर बेतते. त्याच्या काही जातींवर व्हँकोमायसिनसारखे प्रभावी औषधही चालत नाही. अमेरिकेतील पर्ड्यू विद्यापीठाच्या संशोधकांनी अ‍ॅसिटाझोलामाइडच्या रचनेत फेरफार करून या जातींवर अधिक प्रभावी ठरणारी संयुगे तयार केली व त्यांविषयीचे निष्कर्ष २०२० मध्ये प्रसिद्ध केले. उंदरांवरील प्रयोगांतही आशादायक परिणाम दिसले.

येथे विवेक हवा. उंदरावर दिसलेला गुण माणसात तसाच उतरेल, असे नाही. तसेच प्रत्येक जिवाणूवर हे औषध चालत नाही. या गोळीमुळे हातापायांना मुंग्या येणे, वारंवार लघवी होणे, शरीरातील पोटॅशियम घटणे, क्वचित मूतखडा होणे असे त्रास संभवतात. सल्फा औषधांची अ‍ॅलर्जी असणाऱ्यांनी डॉक्टरांना ती आधी सांगितलीच पाहिजे. म्हणून घरातील काचबिंदूची गोळी ताप वा जंतुसंसर्गावर कुणीही परस्पर घेऊ नये.

नवे प्रतिजैविक घडवून बाजारात आणण्यास अनेक वर्षे व अमाप पैसा लागतो. जुन्या औषधाच्या गुणदोषांचा हिशेब मात्र आधीच मांडलेला असतो. म्हणून अशा संशोधनाचे मोल मोठे. ते फळास येईपर्यंत हाती असलेली प्रतिजैविके जपून वापरणे आपल्या हाती आहे. सर्दी-पडशासाठी दुकानातून ती परस्पर आणू नयेत आणि डॉक्टरांनी ठरवून दिलेली मात्रा मध्येच सोडू नये.