विश्लेषण : रायगडचे जंगल नेमके किती? उपग्रहाला काय दिसते, काय निसटते?

दर दोन वर्षांनी देशाचा वन सर्वेक्षण अहवाल येतो आणि ‘जंगल वाढले’ किंवा ‘जंगल घटले’ असा मथळा होतो. रायगडच्या किनारपट्टीवर मात्र या एका शब्दात तीन वेगवेगळ्या गोष्टी मावतात : डोंगरावरचे रान, गावातली नारळ-सुपारीची वाडी आणि खाडीकाठचे कांदळवन. तिन्हींचे मालक वेगळे, कायदे वेगळे आणि नुकसान सोसणारेही वेगळे. म्हणूनच इथे आकड्याइतकेच, तो कसा मोजला हे समजून घेणे महत्त्वाचे ठरते.

हा अहवाल कोण तयार करते?

देहरादून येथील भारतीय वन सर्वेक्षण संस्था. देशातील वनसंपत्तीची पद्धतशीर मोजणी १९६५ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या मदतीने सुरू झाली. त्या वेळी मुख्य प्रश्न होता तो कागद आणि लाकूड उद्योगांना किती कच्चा माल मिळू शकेल, हा. १ जून १९८१ रोजी याच यंत्रणेचे रूपांतर भारतीय वन सर्वेक्षण संस्थेत झाले. पहिला अहवाल १९८७ मध्ये आला. डिसेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेला ‘२०२३ चा अहवाल’ हा अठरावा. त्यानुसार देशातील वनाच्छादन ७,१५,३४३ चौरस किलोमीटर म्हणजे २१.७६ टक्के आहे. त्यात जंगलाबाहेरची झाडे धरली, तर हे प्रमाण २५.१७ टक्क्यांवर जाते.

उपग्रहाच्या लेखी जंगल म्हणजे काय?

किमान एक हेक्टर सलग जागा आणि वरून पाहताना त्यातील किमान १० टक्के भागावर झाडांची सावली. एवढी अट पूर्ण झाली की ती जागा ‘वनाच्छादन’ म्हणून नोंदली जाते. जमीन वन विभागाची आहे की खासगी, झाडे नैसर्गिक आहेत की लावलेली, ती साग आहेत, आंबा आहेत की सुपारी, हे या व्याख्येत पाहिले जात नाही. सावली ७० टक्क्यांच्या वर असेल तर अतिघनदाट, ४० ते ७० टक्के असेल तर मध्यम घनदाट आणि १० ते ४० टक्के असेल तर विरळ, अशी वर्गवारी होते. १० टक्क्यांच्या खालचे ते झुडपी रान.

या कामासाठी रिसोर्ससॅट मालिकेतील उपग्रहांची छायाचित्रे वापरली जातात. त्यातील एक पिक्सेल जमिनीवरील २३.५ मीटर लांब आणि तेवढ्याच रुंद चौकोनाएवढा असतो. म्हणजे एक हेक्टर जागा साधारण १८ पिक्सेलमध्ये बसते. छायाचित्रे प्रामुख्याने ऑक्टोबर ते डिसेंबरमधली निवडतात. पाऊस संपलेला असतो, आकाश निरभ्र असते आणि पानझडी झाडांवर अजून पाने असतात. ही निवड शास्त्रीयदृष्ट्या योग्यच आहे. मात्र तिचा अर्थ असाही होतो, की डोंगर वर्षातला सर्वांत हिरवा असताना त्याचा फोटो काढला जातो.

रायगडचे चित्र काय आहे?

जिल्ह्याचे क्षेत्रफळ ७,१५२ चौरस किलोमीटर. त्यातील साधारण ४० टक्के भाग वनाच्छादनात मोडतो. १६ टक्क्यांच्या आसपास असलेल्या राज्याच्या सरासरीपुढे हा आकडा भरघोस वाटतो. पण रायगडची नोंद या अहवालात ‘डोंगरी जिल्हा’ अशी आहे आणि १९८८ च्या राष्ट्रीय वन धोरणाने डोंगराळ भागासाठी दोन तृतीयांश क्षेत्राचे उद्दिष्ट ठेवले आहे. त्या मापाने रायगड बराच मागे आहे. शिवाय अतिघनदाट वर्गातील जंगल इथे नाममात्र आहे. जे आहे ते मध्यम घनदाट आणि विरळ. उतारावरची माती धरून ठेवण्याचा आणि ओढ्यांना उन्हाळ्यापर्यंत पाणी पुरवण्याचा प्रश्न येतो तेव्हा टक्केवारीपेक्षा ही घनताच कामाची असते.

नारळ-सुपारीची वाडीसुद्धा जंगलात?

व्याख्येनुसार, होय. श्रीवर्धन, दिवेआगर, मुरूड, अलिबाग, नागाव, चौल, रेवदंडा या पट्ट्यात वाड्या एकमेकींना लागून आहेत. वरून पाहिले तर हा सलग हिरवा पट्टा दिसतो. एकेका मालकाची वाडी काही गुंठ्यांची असली, तरी सलग क्षेत्र एक हेक्टरच्या पुढे गेले की ते वनाच्छादनात धरले जाऊ शकते.

याचा परिणाम ‘निसर्ग’ चक्रीवादळाने दाखवला. ३ जून २०२० रोजी हे वादळ श्रीवर्धनच्या किनाऱ्यावर धडकले. श्रीवर्धनी रोठा सुपारीच्या वाड्या काही तासांत आडव्या झाल्या. सुपारीला फळ धरायला सहा-सात वर्षे लागतात, त्यामुळे हे एका हंगामाचे नुकसान नव्हते. २०२१ च्या वन अहवालातील छायाचित्रे वादळाआधीची होती आणि २०२३ च्या अहवालातील छायाचित्रे वादळानंतर दीड वर्षाने काढलेली. या दोन अहवालांत किनाऱ्यालगतचे वनाच्छादन कमी झालेले दिसले, तर ते जंगल तुटले म्हणून की सुपारी पडली म्हणून, हे जिल्ह्याच्या तक्त्यावरून कळत नाही. तक्त्यात घनतेचे वर्ग असतात. वाडी आणि रान असे वेगळे रकाने नसतात.

मदतीच्या हिशेबातही हाच घोळ झाला. सरकारने बागायतीसाठी हेक्टरी ५० हजार रुपये जाहीर केले. पण चार-पाच गुंठ्यांत दाटीने सुपारी लावणाऱ्या बागायतदाराच्या हाती त्यातून फारसे काही येत नव्हते. झाडाप्रमाणे मदत द्या, ही मागणी त्यातूनच पुढे आली आणि नंतर नारळ-सुपारीसाठी तसा निर्णयही झाला. कोकणातील हिरवाई क्षेत्रफळात मोजायची की झाडांत, हा प्रश्न असा थेट खिशाशी जोडलेला आहे.

कांदळवन वाढले, तर तक्रार कोणाची?

राज्यात सर्वाधिक कांदळवन रायगड जिल्ह्यात आहे. तिवर, कांदळ, चिप्पी या झाडांमुळे खाडीकाठ धुपत नाही, कोळंबी आणि माशांची पिल्ले वाढतात, भरतीचा जोर कमी होतो. मुंबई उच्च न्यायालयाने २००५ मध्ये अंतरिम आणि २०१८ मध्ये अंतिम आदेश देऊन राज्यभर कांदळवन तोडीवर बंदी घातली. जमीन खासगी असली तरी ही बंदी लागू आहे आणि कांदळवनाभोवती ५० मीटरचा संरक्षित पट्टाही आहे. राज्याने २०१२ मध्ये स्वतंत्र कांदळवन कक्ष स्थापन केला.

असे असूनही अलिबाग-पेणच्या खारेपाटात कांदळवनाच्या वाढीकडे सगळेच आनंदाने पाहत नाहीत. खारेपाट म्हणजे समुद्राला बांध घालून मिळवलेली भातशेती. पूर्वी गावकरी श्रमदानाने बांध राखत. १९७९ च्या खारजमीन विकास कायद्यानंतर मोठ्या बांधांची जबाबदारी सरकारी विभागाकडे आली. बांधाला खांड गेली आणि ती वेळेत बुजवली नाही, की उधाणाचे पाणी शेतात शिरते. एक-दोन वर्षे भात पिकत नाही, जमीन खारावते आणि भरतीबरोबर आलेल्या बिया रुजून तिवरांची रोपे उभी राहतात. काही वर्षांनी उपग्रहाला तिथे नवे कांदळवन दिसते. शेतकऱ्याच्या सातबाऱ्यावर मात्र भातशेतीच असते. रोपे काढावीत तर गुन्हा, ठेवावीत तर शेती गेली. अहवालातील ‘वाढ’ इथे फुटक्या बांधाची खूण असते.

उलट बाजूही तितकीच खरी आहे. उरण परिसरात बंदर, गोदामे आणि रस्त्यांच्या भरावामुळे भरतीचे पाणी अडले आणि कांदळवने वाळली, अशा तक्रारी मच्छीमार व पर्यावरण कार्यकर्ते सातत्याने करत आले आहेत. एका तालुक्यातील तोट दुसऱ्या तालुक्यातील बुडालेल्या शेताने भरून निघाली, तर जिल्ह्याची बेरीज जागच्या जागी राहते आणि दोन्ही ठिकाणचे नुकसान त्या बेरजेत झाकले जाते.

आकडा कमी होऊनही ‘वाढ’ कशी?

२०२१ च्या अहवालात महाराष्ट्रातील कांदळवन ३२४ चौरस किलोमीटर होते. २०२३ च्या अहवालात ते ३१५.०९ चौरस किलोमीटर आहे. तरीही त्याच अहवालात राज्यात १२.३९ चौरस किलोमीटर वाढ झाल्याचे म्हटले आहे. वजाबाकी करून पाहिली, तर तुलनेसाठी २०२१ चा आकडा सुमारे ३०२.७ धरला गेला, हे लक्षात येते. म्हणजे आधीच्या आकड्यातून साधारण २१ चौरस किलोमीटर दुरुस्तीत गेले.

छायाचित्रे सुधारतात, सीमा अचूक होतात, पद्धत बदलते. त्यामुळे जुने आकडे दुरुस्त करणे गैर नाही. १९८७ च्या पहिल्या अहवालात ४०० हेक्टरपेक्षा लहान जंगल नकाशावर येतच नव्हते, आज एक हेक्टरही येते. त्यामुळे दोन अहवाल शेजारी ठेवून सरळ वजाबाकी करता येत नाही. मात्र ज्या राज्यात दुरुस्ती ही वाढीपेक्षा मोठी असते, तिथे कोणत्या खाडीत काय बदलले, हे नकाशासह सांगितल्याशिवाय ‘वाढ’ या शब्दावर विश्वास बसणे कठीण.

डोंगरावर काय निसटते?

रोहा, मुरूड, म्हसळा, तळा भागातील डोंगरांवर ऐन, किंजळ, जांभूळ, अंजनी, खैर अशी मिश्र झाडी आहे. भाताच्या रोपांसाठी राब भाजायला अनेक ठिकाणी ऐन-किंजळच्या फांद्या तोडतात. ही तोड आणि उन्हाळ्यातले वणवे, दोन्ही जानेवारीनंतर होतात. छायाचित्र त्याआधीचे असते. पुढच्या पावसानंतर गवत उगवते, फांद्यांना पालवी फुटते आणि डोंगर पुन्हा हिरवा दिसतो. जळालेली कोवळी रोपे, म्हणजे वीस वर्षांनंतरचे जंगल, या मोजणीत येत नाही. वणव्याची सूचना उपग्रहावरून मोबाइलवर देणारी वेगळी यंत्रणा आहे, पण तिच्या नोंदी आणि वनाच्छादनाचा आकडा जिल्हा पातळीवर एकत्र वाचले जात नाहीत.

झाड कोणते, हेही वरून नीट कळत नाही. म्हसळा तालुक्यातील चिरगाव गिधाडांच्या वसाहतीमुळे ओळखले जाते. गिधाडांना घरट्यासाठी उंच, जुनी झाडे लागतात. जंजिऱ्याच्या नवाबाचे शिकारीचे राखीव रान असलेल्या आणि १९८६ मध्ये अभयारण्य झालेल्या फणसाडमध्ये शेकरूला सलग छत्र लागते. अशी जुनी झाडी तुटून तिथे तेवढ्याच सावलीची एकसुरी लागवड झाली, तर टक्केवारी तीच राहील. गिधाड आणि शेकरू मात्र राहणार नाहीत.

मग जमिनीवर मोजणी होतच नाही का?

होते. देशाची ५ किलोमीटर लांब-रुंद चौकटींत विभागणी करून ठरावीक ठिकाणी प्रत्यक्ष झाडे मोजली जातात. छातीच्या उंचीवर, म्हणजे १.३७ मीटरवर, खोडाची जाडी घेतात. झाडाची जात, माती, पालापाचोळा, नवी रोपे यांची नोंद होते. यातूनच लाकडाचा साठा आणि कार्बनचा अंदाज निघतो. रायगडच्या क्षेत्रफळाला २५ ने भागले तर सुमारे २८६ चौकटी होतात. राज्याचा अंदाज बांधायला असा नमुना पुरतो. एखाद्या तालुक्याचे किंवा खाडीचे चित्र त्यातून उभे राहत नाही.

कायद्याच्या दृष्टीने हे इतके का महत्त्वाचे?

सर्वोच्च न्यायालयाने १२ डिसेंबर १९९६ रोजी गोदावर्मन प्रकरणात ‘जंगल’ या शब्दाचा शब्दकोशातील अर्थ ग्राह्य धरला आणि राज्यांना अशा जमिनी शोधायला सांगितल्या. २०२३ च्या वन संवर्धन कायद्यातील दुरुस्तीने ही व्याप्ती कमी होण्याची भीती निर्माण झाली. त्यावर फेब्रुवारी २०२४ मध्ये न्यायालयाने अंतरिम आदेशाने जुना अर्थच कायम ठेवण्यास सांगितले. रायगडमध्ये १९७५ च्या कायद्याखालील खासगी वने आहेत, तसेच ठाकूर आणि कातकरी कुटुंबे पिढ्यानपिढ्या कसत असलेली दळी जमीनही आहे. दळी जमिनीचे दावे २००६ च्या वनहक्क कायद्याखाली चालतात. कागदावर कोणती जमीन कशात पडते, यावर एखाद्याची शेती, घर किंवा प्रकल्पाची परवानगी ठरते.

पुढे काय व्हायला हवे?

उपग्रह मोजणीला पर्याय नाही. देशभर एकाच मापाने, ठरावीक काळाने तुलना करण्याचे दुसरे साधन उपलब्ध नाही. पण देशासाठी घेतलेले माप जिल्ह्याच्या निर्णयांना पुरे पडत नाही. रायगडसाठी किमान तीन गोष्टी करता येण्यासारख्या आहेत.

पहिली, जिल्ह्याच्या आकड्यात नैसर्गिक रान, बागायत आणि कांदळवन यांची स्वतंत्र फोड. पीक पाहणीच्या नोंदी आणि उपग्रह नकाशा एकमेकांवर ठेवले, तर वाडी वेगळी काढणे तांत्रिकदृष्ट्या अवघड नाही. दुसरी, खारेपाटात महसूल, खारजमीन आणि कांदळवन कक्ष यांची संयुक्त पाहणी. कोणते कांदळवन जुने आणि कोणते बांध फुटल्यावर आले, हे बांधाच्या नोंदींसह लिहिले गेले पाहिजे. नव्या कांदळवनाला संरक्षण मिळावेच, पण सरकारी बांध फुटून ज्याची शेती गेली त्याला भरपाईही मिळावी. निसर्ग वाचवण्याचा सगळा खर्च एका भातशेतकऱ्याच्या माथी मारणे न्याय्य नाही. तिसरी, गावाची नोंद. जैवविविधता कायद्यात लोकजैवविविधता नोंदवहीची आणि वनहक्क कायद्यात ग्रामसभेच्या अधिकारांची तरतूद आहेच. गडचिरोलीतील मेंढा-लेखाने सामूहिक वनहक्क मिळवून आपल्या जंगलाचा कारभार स्वतः चालवता येतो, हे दाखवून दिले आहे. कोणत्या डोंगराला दर वर्षी वणवा लागतो, कोणता झरा कधी आटतो, हे इथल्या वाड्या-पाड्यांवरच्या लोकांना ठाऊक असते. ते सरकारी नकाशात आले पाहिजे.

पुढचा अहवाल येईल तेव्हा रायगडचा आकडा थोडा वर किंवा खाली गेलेला असेल. त्यावर टाळ्या वाजवण्याआधी किंवा हळहळण्याआधी एवढेच विचारावे : हे वाढलेले रान डोंगरावरचे आहे, वाडीतले, की कोणाच्या बुडालेल्या शेतातले?