आमच्या मनाची फाईल कुणाच्या कपाटात?

कॉलेजच्या एससी-एसटी सेलसमोर आमची एक बहीण तक्रार घेऊन बसली होती. मराठवाड्यातून मोठ्या शहरात शिकायला आलेली, घरातली पहिली पदवीधर होऊ घातलेली. लॅबमध्ये तिला 'कोटावाली' म्हणून हाक मारली जात होती. तिने वापरलेली उपकरणं तिच्यादेखत पुसून घेतली जात होती. तारखा, नावं, कोण हजर होतं, सगळं तिने लिहून आणलं होतं. समितीने अर्ज वाचला आणि पहिला प्रश्न विचारला, "तुमचं काउन्सेलिंग चालू होतं ना?"

आम्ही बाहेर व्हरांड्यात उभे होतो. ती बाहेर आली तेव्हा तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं, राग होता. ती एवढंच म्हणाली, "दादा, मी बंद खोलीत सांगितलेलं यांना कसं कळलं?"

हा लेख त्या एका प्रश्नासाठी आहे.

माग काढला तेव्हा वाट सापडली. झोप लागत नाही, वर्गात जावंसं वाटत नाही म्हणून ती समुपदेशकाकडे गेली होती. समुपदेशकाने होस्टेलच्या वॉर्डनला 'लक्ष ठेवा' म्हणून कळवलं. वॉर्डनने गावाकडे वडिलांना फोन केला, "मुलीला मानसिक त्रास आहे, काही दिवस घरी घेऊन जा." विभागप्रमुखाला ते वॉर्डनकडून समजलं आणि विभागप्रमुखाकडून समितीला. चार माणसांना कळलं आणि चौघांपैकी एकानेही तिची परवानगी घेतली नव्हती. विचारलं तर प्रत्येकाचं उत्तर एकच, "तिच्या भल्यासाठीच केलं."

मग आम्ही तिच्या सहीने अर्ज दिला की समुपदेशकाने लिहिलेल्या नोंदींची प्रत तिला द्या. उत्तर आलं, "नोंदी गोपनीय आहेत, देता येत नाहीत." वॉर्डनला सांगताना, विभागप्रमुखाला सांगताना, समितीत चघळताना ती गोपनीय नव्हती. जिची माहिती होती तिने मागितल्यावर मात्र ती गोपनीय झाली! दुसरा अर्ज कलमांसह दिला तेव्हा प्रत मिळाली. त्यात लिहिलं होतं, 'शहरी वातावरणाशी जुळवून घेण्यात अडचण, आत्मविश्वास कमी.' जातीचा उल्लेख नाही. लॅबचा उल्लेख नाही. तिने त्या खोलीत उच्चारलेल्या शिव्यांपैकी एकही शब्द त्या कागदावर नाही.

म्हणजे जे झाकून ठेवायचं होतं ते गावभर झालं आणि जे लिहून ठेवायचं होतं ते गाळलं गेलं. आमचं म्हणणं हेच आहे. मानसिक आरोग्याच्या नोंदींबाबत आमच्या मुलांची लढाई दुहेरी आहे. माहिती बाहेर जाऊ नये ही एक लढाई आणि आमची खरी माहिती आत नोंदवली जावी ही दुसरी. गोपनीयता हे रुग्णाच्या हातातलं कुलूप आहे. संस्थेने ते स्वतःच्या अब्रूच्या कपाटाला लावायचं नसतं.

काही मित्र म्हणतील, एवढ्याशा कागदाचं काय घेऊन बसलात? कागदाचं वजन आम्हाला चांगलं माहीत आहे. 17 जानेवारी 2016 ला रोहित वेमुला गेला. विद्यापीठाने केलेली कारवाई, वसतिगृहातून काढणं, बंद झालेली फेलोशिप, हे सगळं देशासमोर होतं. तरी रूपनवाल आयोगाने कारण शोधलं ते त्याच्या वैयक्तिक नैराश्यात. 12 फेब्रुवारी 2023 ला आयआयटी मुंबईत दर्शन सोळंकी गेला. संस्थेच्या अंतर्गत समितीला जातीभेदाचा थेट पुरावा सापडला नाही, तिने बोट दाखवलं ते त्याच्या घसरलेल्या गुणांकडे. प्रत्येक वेळी दोष मुलाच्या डोक्यात सापडतो, त्याला घेरून बसलेल्या व्यवस्थेत सापडत नाही. अशा व्यवस्थेच्या हातात समुपदेशनाची फाईल गेली की तिला आयता पुरावा मिळतो. 'मुलगा आधीपासूनच असा होता' हे वाक्य त्या फाईलच्या जिवावर उभं राहतं.

आता कायदा काय म्हणतो ते नीट पाहू, कारण आमच्या बाजूने बोलणारी कलमं आमच्याच मुलांना माहीत नाहीत.

मानसिक आरोग्यसेवा कायदा 2017 चा आहे. त्याचं कलम 23 सांगतं की मानसिक आजार असलेल्या व्यक्तीला आपल्या आजाराबाबत आणि उपचारांबाबत गोपनीयतेचा हक्क आहे आणि उपचार करणाऱ्या प्रत्येक आरोग्य व्यावसायिकावर ती पाळण्याचं कर्तव्य आहे. अपवाद मोजून दिलेले आहेत. रुग्णाने नेमलेला प्रतिनिधी, उपचार करणारे दुसरे व्यावसायिक, कुणाच्या तरी जिवाला असलेला धोका किंवा दुसऱ्याला होऊ शकणारी इजा, न्यायालयाचा किंवा सक्षम प्राधिकरणाचा आदेश, सार्वजनिक सुरक्षा. धोका असेल तेव्हाही तो टाळण्यापुरती आवश्यक तेवढीच माहिती द्यायची आहे. या यादीत 'वॉर्डन' नाही. 'विभागप्रमुख' नाही. 'संस्थेची प्रतिमा' तर नाहीच नाही.

कलम 24 म्हणतं की उपचार घेणाऱ्याचा फोटो किंवा माहिती त्याच्या संमतीशिवाय माध्यमांना देता येणार नाही. हाच हक्क संगणकात साठवलेल्या माहितीलाही लागू आहे. कलम 25 रुग्णाला आपल्या मूलभूत वैद्यकीय नोंदी पाहण्याचा हक्क देतं. त्यातला एखादा भाग गंभीर हानीच्या कारणाने रोखला, तर त्याविरुद्ध मंडळाकडे दाद मागता येते हे रुग्णाला सांगावं लागतं. डॉक्टरांसाठीचे 2002 चे आचारसंहिता नियम तर रुग्णाने मागितलेल्या नोंदी 72 तासांत द्यायला सांगतात.

आणि कलम 3 प्रत्येक कार्यकर्त्याने पाठ करावं. कुणाची सामाजिक किंवा आर्थिक स्थिती पाहून त्याला मानसिक आजारी ठरवता येत नाही. प्रचलित सामाजिक वा राजकीय मूल्यं मानत नाही म्हणूनही ठरवता येत नाही. पूर्वी उपचार घेतले होते एवढ्यावरूनही ठरवता येत नाही. 'तुमचं काउन्सेलिंग चालू होतं ना?' या प्रश्नाचं उत्तर या कलमात आहे. होय, चालू होतं. त्यावरून तक्रार खोटी ठरत नाही.

विरोधी बाजू आम्ही टाळत नाही. ते म्हणतात, मूल जिवाचं बरंवाईट करून घेईल अशी भीती असताना तोंड बंद ठेवायचं का? नाही. जीव आधी, फाईल नंतर. कायदाही तेच म्हणतो. पण जिवाला धोका आहे म्हणून मुलाच्या विश्वासातल्या एका माणसाला सावध करणं वेगळं आणि त्या धोक्याच्या नावाखाली त्याची सगळी कहाणी स्टाफरूममध्ये वाटणं वेगळं. आमच्या बहिणीबाबत तर असा धोका कुणी नोंदवलाही नव्हता. वडिलांना फोन करण्याआधी तिला विचारलं असतं तर तिने सांगितलं असतं की बापाला नको, आत्याला सांगा. बाप घाबरून शिक्षण बंद करेल. तसंच होणार होतं, आत्याच मध्ये पडली म्हणून टळलं. जीव वाचवण्याच्या नावाने घेतलेला निर्णय एका मुलीचं शिक्षण घेऊन गेला असता.

दुसरं एक भगदाड आहे. 2017 च्या कायद्याने मानसिक आरोग्य व्यावसायिक कोण ते ठरवून दिलं आहे. त्यात प्रामुख्याने मानसोपचारतज्ज्ञ आणि राज्य प्राधिकरणाकडे नोंदणी झालेले चिकित्सा मानसशास्त्रज्ञ, परिचारिका, सामाजिक कार्यकर्ते येतात. कॉलेजात कंत्राटावर बसवलेला समुपदेशक यात बसतो की नाही, यावर संस्था हात वर करतात. सर्वोच्च न्यायालयाने जुलै 2025 मध्ये सुकदेब साहा प्रकरणात 100 किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या शैक्षणिक संस्थांनी किमान एक पात्र समुपदेशक नेमावा असं सांगितलं. चांगलं झालं. पण तो समुपदेशक कुणाचा पगारी माणूस आहे? ज्या प्राचार्याविरुद्ध तक्रार आहे त्याच्याच सहीने त्याचं कंत्राट वाढत असेल, तर तो कुणाचं ऐकणार? समुपदेशक नेमा, ही अर्धी मागणी झाली. त्याच्या नोंदी प्रशासनाला बघता येणार नाहीत असा लेखी नियम करा, ही उरलेली अर्धी.

कॉलेजाबाहेरही चित्र वेगळं नाही. सरकारी रुग्णालयाच्या मानसोपचार ओपीडीत जाऊन बघा. दार उघडं, टेबलाभोवती दोन-तीन शिकाऊ डॉक्टर, पाठीला पाठ लावून पुढचा रुग्ण उभा आणि शिपाई आडनावासकट पुकारा करतोय. खासगी दवाखान्यात पैसे मोजणाऱ्याला बंद दार मिळतं. आमच्या वस्तीतल्या माणसाला रांगेसमोर रडावं लागतं. गोपनीयता ही शहरी सुखवस्तू लोकांची चैन आहे असं आमच्यातलेच काही म्हणतात. आम्ही उलट म्हणतो. ज्याच्याकडे पैसा, ओळख, आडनावाची ढाल आहे, त्याची माहिती फुटली तरी तो तरतो. दहा बाय दहाच्या खोलीत राहणाऱ्याकडे झाकायला फारशा भिंती नाहीत, म्हणून त्याच्या फाईलला जास्त भक्कम कुलूप हवं.

त्यात आता सगळं संगणकावर चाललं आहे. आभा क्रमांक काढा, ॲपवर फॉर्म भरा, 'मला मान्य आहे' वर टिचकी मारा. 2023 चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा संमती मोकळी, नेमकी आणि माहितीपूर्ण असावी असं सांगतो. पण आरोग्याच्या माहितीला त्याने संवेदनशील असा वेगळा, अधिक कडक दर्जा दिलेला नाही. 2011 च्या नियमांमध्ये मानसिक आरोग्याची स्थिती संवेदनशील माहितीत मोजली होती. आणि इंग्रजीतल्या दहा पानी फॉर्मवर घाईत केलेली सही ही मोकळी संमती कशी?

बाबासाहेब परदेशातून शिकून 1917 मध्ये बडोद्याला नोकरीवर आले, तेव्हा राहायला जागा मिळेना. पारशी धर्मशाळेच्या वहीत पारशी नाव लिहून त्यांना राहावं लागलं. खरी ओळख फुटली तेव्हा काठ्या घेतलेली माणसं दारात आली आणि त्यांना जागा सोडावी लागली. वहीतली एक नोंद आणि फुटलेली एक माहिती माणसाचं छप्पर काढून घेऊ शकते, हे आमच्या चळवळीला कुणी नव्याने शिकवायला नको. फरक इतकाच की आज आम्हाला खोटं नाव लिहायचं नाही. खरं नाव, खरी जात, खरा छळ लिहून ती वही आमच्या ताब्यात हवी आहे.

आता आमच्याच अंगणात झाडू मारू. एखादा विद्यार्थी गेला की पहिल्या तासाभरात त्याच्या चॅटचे स्क्रीनशॉट, डॉक्टरची चिठ्ठी, गोळ्यांच्या पाकिटाचा फोटो कोण फिरवतं? आपलेच ग्रुप. हेतू न्यायाचा असतो, मान्य. पण ती चिठ्ठी फिरली की दुसऱ्या दिवशी समोरचा वकील तीच उचलतो. आणि ग्रुपवरचा दुसरा एखादा मुलगा, ज्याच्या खिशात तशीच चिठ्ठी आहे, तो मनात ठरवतो की यापुढे कुणालाच काही सांगायचं नाही. त्याचं ते गप्प बसणं आपल्याला ऐकूही येत नाही. शहीद म्हणून फोटो लावण्याआधी माणूस म्हणून त्याची लाज राखणं हे आंबेडकरी कार्यकर्त्याचं काम आहे.

म्हणून प्रत्येक वसतिगृहात, प्रत्येक अभ्यास गटात एवढं सुरू करा. समुपदेशकाकडे जाताना पहिल्याच भेटीत विचारा, "हे कुणाकुणाला सांगणार? नोंदी कुठे राहतात? कोण बघतं?" उत्तर लेखी मागा. आपला विश्वासू प्रतिनिधी कोण ते लिहून द्या, तो घरातलाच असला पाहिजे असं नाही. जातीवरून छळ झाला असेल तर तो त्याच शब्दांत नोंदवायला सांगा, 'जुळवून घेण्यात अडचण' चालणार नाही. नोंदींची प्रत मागून ठेवा. माहिती फुटली तर तारखेसह लेखी तक्रार करा. 2017 च्या कायद्याचं उल्लंघन करणाऱ्याला पहिल्याच वेळी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. आणि रात्री-अपरात्री फार जड झालं तर 14416 वर टेलिमानसला फोन करा. तो मोफत आहे. मदत घेणं ही हार नाही. ही फाईल सुरक्षित झाली पाहिजे ती यासाठीच, की आमच्या मुलांनी न घाबरता मदत घ्यावी.

त्या बहिणीचं काय झालं? सेलच्या दुसऱ्या बैठकीत तिने कलम 3 आणि 23 ची प्रत टेबलावर ठेवली आणि काउन्सेलिंगचा प्रश्न इतिवृत्तातून काढायला लावला. तक्रारीचा निकाल अजून लागलेला नाही, आम्ही पाठपुरावा करतो आहोत. समुपदेशकाकडे जाणं तिने थांबवलेलं नाही. फक्त आता ती कॉलेजबाहेर जाते, बसचे दोन टप्पे करून. तिला कॉलेजच्या आतच ते दार पुन्हा विश्वासाने ठोठावता येईल, तेव्हाच आम्ही ही लढाई जिंकलो म्हणू.

जय भीम.