धुरा आणि सल्ला
मुंबई महाधर्मप्रांताची धुरा कार्डिनल ओस्वाल्ड ग्रेशस यांनी २००६ पासून वाहिली. २५ जानेवारी २०२५ रोजी ती आर्चबिशप जॉन रॉड्रिग्ज यांच्याकडे आली. उत्तराधिकारी म्हणून त्यांची नेमणूक ३० नोव्हेंबर २०२४ रोजीच झाल्याने सत्तांतर सुरळीत पार पडले.

नेतृत्वाची खरी कसोटी मात्र अंधेरी, बोरिवली, मुलुंडच्या चर्चमध्ये लागते. १९८३ च्या चर्च-कायद्याने प्रत्येक पॅरिशमध्ये अर्थसमिती अनिवार्य केली. पॅरिश कौन्सिल मात्र बिशपांच्या निर्णयावर सोडली आणि तिचा अधिकार सल्ल्यापुरताच ठेवला. रोममधील धर्मसभेने ऑक्टोबर २०२४ मध्ये अशा समित्या बंधनकारक करण्याचा आग्रह धरला. धर्मगुरूंची बदली होते, भाविक तिथेच राहतात. त्यांचे ऐकणे ही मेहेरबानी नव्हे, कर्तव्य ठरावे.