कंबरदुखी दर वेळी वयाचीच नसते

भिलाईच्या सेक्टर 10 मध्ये पोलाद कारखान्यातून निवृत्त झालेले आजोबा कंबर धरून बसले, की घरचे निदान ठरलेले, ‘वय झालं!’ बहुधा ते खरेही असते. पण दुखणे आठवडेच्या आठवडे हटत नसेल, जोडीला थकवा आणि घटलेले हिमोग्लोबिन असेल, तर मायलोमाची शंका घ्यावी लागते. अस्थिमज्जेतील प्लाझ्मा पेशींचा हा कर्करोग बहुतेकदा साठीनंतर आढळतो. हाडे पोखरतो, मूत्रपिंडांनाही इजा करतो.

तो खाण्यामुळे होतो का? अमुक पदार्थाने होतो वा टळतो, असे सिद्ध झालेले नाही. बीट-डाळिंबाच्या रसावर भिस्त ठेवून तपासणी लांबवू नये. लठ्ठपणाचा संबंध मात्र जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2016 मध्ये मान्य केला. तेव्हा पोटाचा घेर नुसता थट्टेवारी नेण्याजोगा नाही. विडी-सिगारेटचा धूर दुसऱ्याच एका रक्ताच्या कर्करोगाला, तीव्र मायलॉइड ल्युकेमियाला, हातभार लावतो. त्यात बेंझीन असते. कोक भट्ट्यांच्या वायूतही ते असतेच, म्हणून निवृत्तांनी आपण कोणत्या खात्यात काम केले, हे डॉक्टरांना जरूर सांगावे.

दुकानातून वेदनाशामक गोळ्या आणून महिनोन्‌महिने घेणे तर फारच वाईट. मायलोमा असल्यास त्या मूत्रपिंडांचे आणखी नुकसान करतात. त्याआधी डॉक्टरांना विचारून हिमोग्लोबिन, क्रिएटिनिन, कॅल्शियम आणि रक्तातील प्रथिनांची तपासणी करून घ्यावी.