विश्लेषण : अंबरनाथचे शिवमंदिर पांडवांचे की शिलाहारांचे?

महाशिवरात्रीला घाटकोपर, मुलुंडहून अनेक भाविक लोकलने अंबरनाथ गाठतात. तिथले शिवमंदिर पांडवांनी एका रात्रीत बांधले, ही कथा पिढ्यानपिढ्या सांगितली जाते. प्रत्यक्षात मंदिराचा काळ मंदिरातच कोरलेला आहे.

शिलालेख काय सांगतो?
उत्तरेकडील दाराच्या तुळईवरील लेखात शके ९८२, म्हणजेच इ.स. १०६० हे वर्ष आणि उत्तर कोकणचा शिलाहार राजा मामवाणी याचे नाव आहे.

बांधणी कशी आहे?
काळ्या बेसॉल्टमधील हे मंदिर भूमिज शैलीचे आहे. सिन्नरचे गोंदेश्वर मंदिरही याच शैलीतले. सभामंडपातून सुमारे २० पायऱ्या उतरल्यावर गर्भगृह लागते. शिखर अपूर्ण असल्याने तिथून थेट आकाश दिसते.

मग कथा सोडून द्यायची का?
मुळीच नाही. कथा श्रद्धेची आहे, ती राहीलच. पण सगळे श्रेय पांडवांना दिले की शिलाहार आणि दगड घडवणारे कारागीर विस्मृतीत जातात. शिवाय एका रात्रीत उभे राहिलेले देवाचे काम आपोआप टिकेल, असे वाटू लागते. माणसाच्या हातचा दगड मात्र झिजतो. मंदिराशेजारची वालधुनी नदी रसायनमिश्रित सांडपाण्याने नासली, हे डोळ्यांसमोर आहे.

मंदिर केंद्र सरकारचे संरक्षित स्मारक असले, तरी जपणूक केवळ पुरातत्त्व खात्यावर सोडून चालणार नाही. जत्रेच्या पत्रकात आणि शाळेच्या सहलीत कथेसोबत शके ९८२ देखील सांगितले, तर त्याची सुरुवात होईल.